सहा मीटरची गल्ली, नऊ मीटरची रेषा

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे घराच्या भिंतींबाहेरच्या, पण घराला अगदी लागून असलेल्या गोष्टींबद्दल आहेत : दारासमोरचा रस्ता, शेजाऱ्याचे कुंपण, वस्तीतले मैदान, समोर सुरू झालेले सभागृह. नगररचनेच्या कामात बरीच वर्षे काढल्यानंतर मला असे वाटते की, लोकांची तक्रार बहुधा खरी असते. परंतु ती चुकीच्या कार्यालयात जाते, किंवा योग्य कार्यालयात मुदत उलटल्यावर पोहोचते. म्हणून खालील उत्तरांत कोणता कागद, कोणाकडे आणि केव्हा द्यायचा, यावर मी भर दिला आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून व्यक्तींची व संस्थांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमची दहा सदनिकांची जुनी सोसायटी सहा मीटर रुंदीच्या गल्लीत आहे. गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर महापालिकेची सूचना लागली असून, हा रस्ता नऊ मीटरचा करण्यासाठी नवी रस्तारेषा आखण्याचा प्रस्ताव आहे, असे त्यात म्हटले आहे. आमची संरक्षक भिंत, दोन मोठी झाडे आणि चार मोटारी उभ्या करण्याची जागा जाईल, अशी भीती वाटते. काही सभासदांना मात्र पुनर्विकासासाठी हे रुंदीकरण हवेच आहे. आम्ही काय करावे? (सोसायटीच्या सचिव, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर : त्या सूचनेचे तारीख दिसेल असे छायाचित्र आजच काढून ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब त्या तारखेवर चालतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० नुसार आयुक्तांना स्थायी समितीच्या पूर्वमान्यतेने रस्त्याची नवी नियमित रेषा ठरवता येते. मात्र ज्या बैठकीत हा विषय निर्णयासाठी येणार असेल, त्या बैठकीच्या किमान एक महिना आधी स्थानिक वर्तमानपत्रांत आणि राजपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, आणि शिवाय प्रत्यक्ष त्या रस्त्यावर आयुक्तांच्या सहीची सूचना लावावी लागते. आपण पाहिलेली सूचना ती हीच. हरकती लेखी असाव्या लागतात आणि त्या बैठकीपूर्वी पूर्ण तीन दिवस आधी नगरसचिवांच्या कार्यालयात पोहोचाव्या लागतात. अर्ज दिल्याचा दिवस आणि बैठकीचा दिवस या तिनांत धरू नका. नगरसेवकांना दिलेले निवेदन, क्षेत्रीय कार्यालयात दिलेला अर्ज किंवा मोबाइलवर पाठवलेला संदेश यांना या प्रक्रियेत हरकतीचे स्थान नाही. नगरसचिवांच्या आवक शिक्क्याची पोच घ्या. मुदतीत दिलेली हरकत विचारात घेतल्याशिवाय समितीला मान्यता देता येत नाही.

आता रेषेचा अर्थ. रेषा आखली म्हणजे दुसऱ्या दिवशी भिंत पडते असे नाही, पण निर्धास्त राहावे असेही नाही. रेषेच्या आत येणारी इमारत आणि रेषेच्या आत येणारी मोकळी जागा, या दोहोंत कायदा फरक करतो. इमारतीचा भाग सर्वसाधारणपणे ती पाडून पुन्हा बांधली जाते तेव्हा मागे घ्यावा लागतो. याउलट कुंपणभिंत, पायरी, ओटा किंवा इमारतीने न व्यापलेली जमीन महापालिकेला लेखी नोटीस देऊन आधीही ताब्यात घेता येते. आपल्या बाबतीत जे जाणार आहे ते नेमके या दुसऱ्या प्रकारचे आहे, म्हणून ‘पुनर्विकास होईल तेव्हा बघू’ ही सभासदांची भूमिका मला धोक्याची वाटते. जाणाऱ्या जागेचा मोबदला मिळण्याचा आपला हक्क त्याच अधिनियमात आहे. रोख रकमेऐवजी टीडीआर (दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) स्वीकारला, तर २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे दाट वस्तीबाहेरच्या भागात दिलेल्या क्षेत्राच्या दुप्पट आणि दाट वस्तीच्या भागात तिप्पट हक्क मिळतो. आपल्या भूखंडाची रस्त्याकडील बाजू समजा २० मीटर असेल आणि दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर घ्यायचे असेल, तर आपली ३० चौरस मीटर जमीन जाते. परंतु पुष्कळदा रेषा मध्यापासून सारखी आखलेली नसते. समोर नाला किंवा सरकारी इमारत असली की तीनही मीटर एकाच बाजूने घेतले जातात. म्हणून नकाशा मागून घ्या आणि तो वाचता येणाऱ्या वास्तुविशारदाला दाखवा.

नकाशावरची रुंदी आणि जागेवरची रुंदी यांतही अंतर असते. अशाच एका गल्लीत मी भल्या सकाळी, वाहने बाहेर पडण्याआधी, दोघांना हाताशी घेऊन टेपने मोजणी केली होती. कागदावर सलग सहा मीटर असलेली ती गल्ली तोंडाशी, जिथे एका दुकानाची पायरी आणि रोहित्राचा चौथरा पुढे आला होता, तिथे जेमतेम साडेचार मीटर भरली, आणि मधल्या भागात सहाला थोडी जास्त भरली. गल्लीत कोंडी होत होती ती त्या तोंडाशी. आतल्या कोणाचीही भिंत पाडून ती सुटणार नव्हती. आपणही दर दहा मीटरवर असे माप घेऊन तक्ता हरकतीला जोडा. ‘आमचे नुकसान होईल’ या वाक्यापेक्षा असा तक्ता समितीपुढे अधिक टिकतो.

रुंदीकरण हवे असलेल्या सभासदांचे म्हणणेही समजून घेतले पाहिजे, कारण त्यांचा हिशेब खोटा नाही. या नियमावलीच्या मूळ तक्त्यानुसार महापालिका क्षेत्रात दाट वस्तीबाहेर नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरील भूखंडाला मूळ एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) १.१० मिळतो, त्यावर प्रीमियम भरून किंवा टीडीआर विकत घेऊन वाढ मिळत नाही. रस्ता नऊ मीटरचा झाला की १.१० वर ०.५० प्रीमियमचा आणि ०.४० टीडीआरचा, असा एकूण २.०० पर्यंत एफएसआय वापरता येतो. त्याशिवाय अनुषंगिक, म्हणजे जिना, बाल्कनी यांसारख्या भागांसाठीचे, क्षेत्र वेगळे. जुन्या इमारतींचा पुनर्विकास अरुंद गल्लीत अडतो तो इथे. पुण्यात २०२० मध्ये सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याच्या प्रस्तावाला स्थायी समितीने मान्यता दिली, तेव्हा शहरात जी मोठी चर्चा झाली तिच्याही मुळाशी हाच हिशेब होता. गळक्या छताखाली आणि उद्वाहनाशिवाय तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्ध सभासदाला पुनर्विकास हवा असेल, तर त्याला लोभी म्हणणे अन्यायाचे होईल.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. रेषा एका ठरावाने आखली जाते, पण रस्ता मात्र इमारती जशा जशा नव्याने बांधल्या जातात तसा तुकड्यातुकड्याने रुंद होतो, आणि त्याला वर्षानुवर्षे लागतात. तोवर गल्लीची कड करवतीच्या दातांसारखी होते : एक भिंत मागे, दुसरी पुढे, मध्येच जुन्या जागी उभा राहिलेला विजेचा खांब. मागे सरकलेल्या प्रत्येक पट्टीत दुसऱ्याच दिवसापासून मोटारी उभ्या राहतात. वाहतुकीची रुंदी जागच्या जागी राहते. सदनिका, त्यांची वाहने, त्यांना लागणारे पाणी आणि सांडपाणी मात्र पहिल्या नव्या इमारतीपासूनच वाढू लागते. तेव्हा रुंदीकरणाला होकार किंवा नकार एवढ्यावर न थांबता, मान्यता द्यायची असेल तर कोणत्या अटींवर, हे आपल्या हरकतीत मागा : गल्लीची दोन्ही तोंडे प्रथम मोकळी करावीत, पदपथाची पट्टी नकाशात दाखवावी, खांब आणि रोहित्र हलवण्याचा खर्च त्याच प्रस्तावात धरावा, ताब्यात आलेल्या पट्टीत वाहने उभी करण्यास मनाई करावी, आणि जलवाहिनी व मलवाहिनीची क्षमता तपासून घ्यावी. झाडांसाठी वेगळा अर्ज लागेल. रस्तारेषा मंजूर झाली तरी झाडे तोडण्याची परवानगी त्यात येत नाही. १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते आणि तिथेही हरकत नोंदवता येते.

सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा लगेच बोलवा. एकमत झाले नाही, तर सोसायटीच्या नावाने फक्त मोजमापे आणि अटी मांडा; बाजूने किंवा विरोधात असलेल्या सभासदांनी स्वतःच्या सहीने वेगळी पत्रे द्यावीत. वीस जणांच्या सह्यांच्या एका छापील मजकुरापेक्षा स्वतंत्र पाच पत्रे समितीला वाचावी लागतात.

प्रश्न : शेजारी जुने घर पाडून नवी इमारत बांधत आहेत. त्यांनी पायासाठी मारलेली फक्की आमच्या दगडी कुंपणाच्या दोन फूट आत, आमच्या बाजूला आली आहे. आमची सामाईक बाजू ३३ फूट आहे. खरेदीखतात आमचे क्षेत्र २,१६० चौरस फूट आहे, मिळकत पत्रिकेवर १९४.५ चौरस मीटर आहे आणि घरपट्टीच्या उताऱ्यावर तिसराच आकडा आहे. नगरपालिकेत अर्ज केला असता ‘हद्दीचा वाद दिवाणी स्वरूपाचा आहे’ असे उत्तर मिळाले. कोणता आकडा खरा मानायचा? (निवृत्त शिक्षक, मराठवाडा)

उत्तर : सर, आपले आकडे मी एकाच एककात आणून पाहिले. २,१६० चौरस फूट म्हणजे २०० चौरस मीटरपेक्षा थोडे अधिक. मिळकत पत्रिकेपेक्षा ते सुमारे ६ चौरस मीटरने, म्हणजे ६६ चौरस फुटांनी जास्त आहे. तेहतीस फूट लांबीची दोन फुटांची पट्टी नेमकी तेवढीच भरते. आपल्या शेजाऱ्यांच्या वास्तुविशारदाने मिळकत पत्रिकेचा आधार घेतला असावा, अशी शंका यावरून येते. तरीही क्षेत्रातला फरक म्हणजे हद्दीचा पुरावा नव्हे. कमी पडलेले क्षेत्र आपल्या उत्तरेला, दक्षिणेला किंवा रस्त्याच्या बाजूलाही असू शकते. घरपट्टीचा आकडा तर बाजूलाच ठेवा. तो कर आकारण्यापुरता असतो, त्यावरून मालकी किंवा हद्द ठरत नाही.

नगरपालिकेचे उत्तर आपल्याला कोरडे वाटले असेल, पण कायद्याने ते बरोबर आहे. बांधकाम परवानगी देणारे कार्यालय सामासिक अंतरे, उंची आणि एफएसआय पाहते. दोन मालकांमधली हद्द कुठे आहे हे ठरवण्याचा अधिकार त्याला नाही. हद्द दाखवण्याचे काम भूमी अभिलेख खात्याचे आहे. आपल्या तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे, किंवा स्वतंत्र कार्यालय असल्यास नगर भूमापन अधिकाऱ्यांकडे, ‘हद्द कायम’ मोजणीसाठी अर्ज करा. अर्ज ई-मोजणी प्रणालीतून ऑनलाइन करता येतो. बांधकाम सुरू झालेले असल्याने द्रुतगती मोजणीचे शुल्क भरणे आपल्या हिताचे ठरेल. अर्जात सर्व लगतधारकांची नावे व पत्ते बिनचूक द्या, कारण एकालाही नोटीस पोहोचली नाही, तर मोजणी पुढे ढकलली जाते किंवा नंतर तिच्यावर आक्षेप येतो.

मोजणीच्या दिवशी काय होते, हे ठाऊक असले म्हणजे गोंधळ होत नाही. भूकरमापक मूळ नगर भूमापनाच्या नकाशाची प्रत घेऊन येतो. तो आधी आपल्या कुंपणाकडे पाहतच नाही. आसपासच्या पक्क्या जुन्या खुणा, म्हणजे एखादा हद्दीचा दगड, जुन्या वाड्याचा कोपरा, देवळाचा चौथरा किंवा चौक, शोधून त्या नकाशाशी जुळवतो. त्या जुळल्यानंतरच तो आपल्या भूखंडाचे कोपरे काढतो आणि तिथे खुणा करून देतो. पूर्वी हे काम साखळी आणि फलकयंत्राने होई, आता ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) यंत्राने आणि उपग्रहाच्या आधारे चालणाऱ्या रोव्हरने होते. परंतु सुरुवात कोणत्या खुणेपासून केली, यावरच अजूनही सगळे अवलंबून असते. म्हणून त्या दिवशी यंत्राकडे बघत न बसता कोणत्या खुणा धरल्या हे वहीत टिपून ठेवा. वहिवाट कुठपर्यंत आहे हे भूकरमापकाला जागेवर दाखवा आणि ते नकाशात तुटक रेषेने दाखवले जाईल याची खात्री करून घ्या. जबाबावर सही करण्यापूर्वी तो वाचा. असहमती असेल तर सही नाकारण्यापेक्षा असहमती लिहून सही करणे केव्हाही चांगले.

त्यानंतर मिळणाऱ्या मोजणी नकाशाच्या ‘क’ प्रतीत हद्द आणि वहिवाट दोन्ही दिसतात. ती मान्य नसेल तर निमताना मोजणीचा, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणीचा, आणि त्यापुढे जिल्हा अधीक्षकांकडून सुपर निमताना मोजणीचा मार्ग आहे. अर्ज करताना चौकशी नोंदवहीच्या उताऱ्याचीही नक्कल मागा. शहराचे भूमापन झाले तेव्हा आपल्या भूखंडाची चौकशी कोणापुढे झाली आणि काय नोंदले गेले, हे त्यात असते, आणि खरेदीखताच्या आकड्याचा उगम पुष्कळदा तिथेच सापडतो.

मोजणीने हद्द दिसते, ताबा मिळत नाही. फक्कीच्या जागी खोदकाम सुरू झाले, तर मोजणीच्या तारखेची वाट न पाहता दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा दाखल करून अंतरिम आदेश मागा. न्यायालय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमून त्याच्याकडून मोजणी करून घेऊ शकते. आपले दगडी कुंपण किती जुने आहे याचा पुरावाही आताच गोळा करा. मोजणीत ती पट्टी शेजाऱ्यांच्या मालकीची निघाली, तरी ती बारा वर्षांहून अधिक काळ उघडपणे आणि त्यांच्या हक्काविरुद्ध आपल्या ताब्यात होती असे सिद्ध झाल्यास मुदत कायद्याचा बचाव आपल्याला मिळू शकतो. तो सिद्ध करणे सोपे नाही. नुसते कुंपण जुने असून भागत नाही. जाता जाता एक सांगतो : नगरपालिकेत दुसरा अर्ज करायचाच असेल, तर तो हद्दीबद्दल न करता, परवानगीसाठी जोडलेला मोजणी नकाशा कोणता आहे आणि जोत्याची तपासणी कोणत्या नकाशावरून होणार आहे, एवढेच विचारणारा करा. त्याचे उत्तर देणे त्यांना भाग आहे.

प्रश्न : आमच्या वस्तीत विकास आराखड्यात ‘खेळाचे मैदान’ म्हणून आरक्षित असलेली खासगी जमीन आहे. मुले वर्षानुवर्षे तिथे खेळतात. आता जमीनमालकांनी महापालिकेला खरेदी सूचना दिली असून आरक्षण आपोआप रद्द होईल, असे सांगितले जाते. हे खरे आहे का? आम्हा रहिवाशांच्या हाती काही आहे का? (रहिवासी मंडळ, विदर्भ)

उत्तर : खरे आहे, आणि वेळ कमी आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालकाला हक्काच्या कागदपत्रांसह ‘जमीन घ्या’ अशी खरेदी सूचना देता येते; ती पोहोचल्यापासून २४ महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची कार्यवाही सुरू झाली नाही, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते, आणि लगतच्या जमिनीला जो वापर अनुज्ञेय असेल, तोच त्या जमिनीला मिळतो. मालकावर राग धरू नका. दहा वर्षे स्वतःच्या जमिनीवर एक वीट न रचता येणे आणि मोबदलाही न मिळणे, ही त्याच्यावर झालेली अडवणूक आहे, आणि कायद्याने त्याला दिलेली ही सुटका न्याय्य आहे.

कोणत्या कार्यवाहीने हे आरक्षण वाचते, हे गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले. महापालिकेने नुसता ठराव करणे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे पत्र पाठवणे पुरेसे नाही. प्रत्यक्ष संपादनाच्या दिशेने नेणारे वैधानिक पाऊल पडले पाहिजे. पुष्कळ मैदाने यामुळेच गेली : सभागृहात बाके वाजवून ठराव झाले, फाईल मोबदल्याच्या रकमेपाशी थांबली आणि २४ महिने निघून गेले. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे बाजारमूल्याइतकीच दिलासा रक्कम वर द्यावी लागते, त्यामुळे हा आकडा लहान नसतो.

तेव्हा खरेदी सूचना महापालिकेला कोणत्या तारखेला मिळाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. त्या तारखेपासून महिने मोजा. येत्या अंदाजपत्रकात या आरक्षणाच्या संपादनासाठी वेगळी तरतूद आहे का, आणि कलम १२६ खालचा संपादनाचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला आहे का, हे दर दोन महिन्यांनी लेखी विचारत राहा. रोख रक्कम नसेल तर मालकाशी टीडीआरवर बोलणी करण्यास महापालिकेला सांगा. बाजारात टीडीआरला भाव असेल तर मालकही ते ऐकतो. आणि वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनांचे पान न चुकता पाहा, कारण कलम ३७ खाली आरक्षण बदलण्याचा वेगळा प्रस्ताव आला, तर त्यावर हरकतीसाठी सूचनेच्या तारखेपासून एकच महिना असतो.

प्रश्न : आमच्या रहिवासी गल्लीत एका बंगल्याचे सभागृहात रूपांतर झाले आहे. लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत गाड्या आणि आवाज. वाहतूक विभाग म्हणतो महापालिकेकडे जा, महापालिका म्हणते पोलिसांकडे जा. त्रासून काही तरुणांनी रस्त्यावर सिमेंटचे दोन गतिरोधक स्वतःच घातले. (ज्येष्ठ नागरिक, ठाणे जिल्हा)

उत्तर : आपल्या एका त्रासात तीन प्रश्न मिसळले आहेत आणि तिन्हींची दारे वेगळी आहेत, म्हणून आपली टोलवाटोलवी होते. बंगल्याचा वापर बदलणे हा १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या व्याख्येनुसार ‘विकास’ आहे आणि त्याला परवानगी लागते. रहिवास विभागात अशा सभागृहाला मुळीच जागा नाही असे नाही. पण ते रस्त्याची रुंदी, भूखंडाचे क्षेत्र आणि वाहनतळ यांवर ठरते. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती माहिती अधिकारात मागा. नकाशात ‘निवासी’ असेल, तर नगररचना विभागाकडे कलम ५२ आणि ५३ खाली कारवाईची मागणी करा. नकाशात ‘वाहनतळ’ लिहिलेल्या जागी स्वयंपाकाचा मांडव असेल, तर त्याचे छायाचित्र जोडा.

आवाजाचा भाग पोलिसांचा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी क्षेत्रात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र. तक्रार त्या क्षणी, त्या रात्री करा. दुसऱ्या दिवशी केलेल्या तक्रारीवर मोजमाप घेता येत नाही.

एकेरी वाहतूक किंवा वाहने उभी करण्यास मनाई हवी असेल, तर तो निर्णय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ आणि ११६ खाली होतो. एक महिन्यापर्यंतच्या निर्बंधाला राजपत्रातील अधिसूचना लागत नाही, त्यामुळे वाहतूक पोलिसांना प्रयोग करून पाहणे सोपे असते. अर्जाबरोबर मोजणी द्या. सज्जात वही घेऊन बसा. एका लग्नाच्या संध्याकाळी आणि एका साध्या सोमवारी, साडेपाच ते साडेआठ, दर पंधरा मिनिटांना किती दुचाकी, किती चारचाकी, किती वाहने दुतर्फा उभी आणि एखादी रुग्णवाहिका किंवा शाळेची बस किती वेळ अडली, हे लिहा. निवृत्त माणसाला हे जमते, आणि अशी वही घेऊन आलेल्या माणसाला मी कधी रिकाम्या हाताने परत जाताना पाहिलेले नाही.

ते सिमेंटचे गतिरोधक मात्र कृपया काढायला लावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकात सर्वसाधारण गतिरोधक ३.७ मीटर रुंदीचा आणि १० सेंटीमीटर उंचीचा, सलग वर्तुळाकार उताराचा सांगितला होता, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता यावा. त्यावर रंगाचे पट्टे आणि अलीकडे सूचनाफलक असतो. हातभर रुंदीच्या टोकदार उंचवट्यावर रात्री पावसात दुचाकी घसरते, आणि रिक्षात बसलेल्या मणक्याच्या रुग्णाला तो काय करतो हे आपण ज्येष्ठांना सांगायला नको. तिथे अपघात झाला तर तो कोणी घातला, हाच प्रश्न पहिला विचारला जाईल.

प्रश्न : आमच्या वाड्यामागची डोंगराची उतरण प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये बागायती विभागात आहे. ती सेटलमेंट (वस्ती) विभागात बदलण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध झाला आहे. न्यायालयाने असे बदल थांबवले होते ना? (वाचक, उत्तर गोवा)

उत्तर : ते दुसरे कलम होते. गोव्याच्या नगर व ग्रामनियोजन कायद्यात २०२३ मध्ये आलेल्या कलम १७(२) खालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्दबातल ठरवले. २०२४ मध्ये आलेले कलम ३९-अ वेगळे असून, त्याखालच्या प्रस्तावावर सूचना व हरकतींसाठी ३० दिवस दिले जातात. आपला प्रस्ताव कोणत्या कलमाखाली आहे हे सूचनेत प्रथम पाहा. हरकत सर्वे क्रमांक आणि उपविभाग लिहूनच द्या आणि समोच्च (समान उंची दाखवणाऱ्या) रेषांचा नकाशा जोडा. चार मीटर आडव्या अंतरात एक मीटर चढ म्हणजे २५ टक्के उतार. त्याहून तीव्र उतार आराखड्यात संवेदनशील धरलेला आहे. विभाग बदलला तरी डोंगर कापण्यासाठी कलम १७-अ ची परवानगी वेगळी लागते, हेही हरकतीत नमूद करा. ग्रामसभेचा ठराव बंधनकारक नाही, पण अभिलेखावर असलेला बरा.

प्रश्न : आमच्या सातबाऱ्यावर ‘जिरायत’ आहे, पण दलाल म्हणतो जमीन रहिवास विभागात आहे. दोन्ही एकाच वेळी कसे? (शेतकरी, नाशिक जिल्हा)

उत्तर : दोन्ही खरे असू शकते. सातबारा आज जमीन कशी वापरात आहे आणि कोणाच्या नावे आहे, ते सांगतो. विभाग हा विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत उद्या कोणता वापर करता येईल, ते सांगतो. दलालाच्या मोबाइलमधल्या रंगीत नकाशावर व्यवहार करू नका. नगररचना कार्यालयातून गट क्रमांकाचा झोन दाखला आणि भाग नकाशा शिक्क्यासह घ्या. गटाचा काही भाग एका विभागात आणि उरलेला दुसऱ्या विभागात असणे, किंवा नियोजित रस्ता गटाच्या मधून जाणे, हे नेहमी घडते आणि ते भाग नकाशातच कळते. नुसत्या दाखल्यावर ‘रहिवास (भागशः)’ एवढेच लिहिलेले असते. त्या कंसातल्या शब्दाचे क्षेत्र किती, ते मोजून घेतल्याशिवाय इसार घेऊ नका.